आंबटपणा राहिला, गुण गेला : जेम्स लिंड आणि आटवलेल्या लिंबूरसाची गोष्ट

शेवग्याच्या पाल्याची भुकटी करून विकणारे बचत गट आता ठिकठिकाणी दिसतात. अशा पाकिटावर अनेकदा छापलेले असते की, यात संत्र्याच्या सातपट जीवनसत्त्व क आहे. हा आकडा ताज्या, हिरव्या पाल्याचा आहे. पाला वाळला, दळला, पाकिटात भरला, दुकानात चार महिने राहिला, तरी छापलेला आकडा ताज्या पाल्याचाच राहतो. यात फसवण्याचा हेतू सहसा नसतो. भुकटी हिरवी दिसते, वास येतो, चव लागते, मग गुणही तेवढाच असणार असे आपण धरून चालतो.

नेमके हेच सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका हुशार आणि प्रामाणिक वैद्याने धरून चालले होते. त्यांचे नाव जेम्स लिंड. लिंबूवर्गीय फळांनी स्कर्व्ही बरा होतो हे प्रयोगाने दाखवणारे म्हणून आज त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत आहे. पण भाजीपाला प्रक्रिया करणाऱ्यांनी त्यांची दुसरी, फारशी न सांगितली जाणारी बाजू समजून घ्यावी, म्हणून हा लेख.

लिंड यांचा जन्म १७१६ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात झाला. पंधराव्या वर्षी ते एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला राहिले. १७३९ मध्ये ते ब्रिटिश नौदलात सहायक शल्यवैद्य म्हणून दाखल झाले आणि भूमध्य समुद्र, पश्चिम आफ्रिकेचा किनारा, वेस्ट इंडिज असा प्रवास त्यांनी केला. त्या काळी लांबच्या सफरीवर जहाज निघाले की महिना-दीड महिन्यानंतर खलाशांच्या हिरड्या सुजू लागत. दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत, अंगावर काळेनिळे डाग पडत, पाय उभे राहू देत नसत. हाच स्कर्व्ही. १७४० मध्ये जॉर्ज अ‍ॅन्सन यांच्या नेतृत्वाखाली जहाजांचा एक ताफा जगप्रदक्षिणेला गेला. सुमारे १९०० माणसे निघाली होती, त्यातली बहुसंख्य परत आली नाहीत. शत्रूच्या तोफांनी फार थोडी मेली. बाकीची रोगराईने गेली आणि त्यात स्कर्व्हीचा वाटा मोठा होता.

खलाशांचे जेवण पाहिले तर कारण आपल्याला आज लगेच दिसते. खारवलेले मांस, कडक बिस्किटे, वाळलेले वाटाणे, ओटचे पीठ, चीज. सगळे टिकणारे आणि वाळलेले. पोट भरत होते, ताकदीचे अन्नही होते, पण ताजे काही नव्हते.

१७४७ च्या मे महिन्यात लिंड 'सॉल्झबरी' या युद्धनौकेवर शल्यवैद्य होते. स्कर्व्हीचे बारा रुग्ण त्यांनी निवडले. शक्य तितके एकसारख्या अवस्थेतले. सगळ्यांना एकाच ठिकाणी ठेवले, सगळ्यांना जेवण एकच दिले. मग दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला रोज सुमारे लिटरभर सफरचंदाची वारुणी, दुसऱ्या जोडीला पातळ केलेल्या गंधकाम्लाचे थेंब, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू, सहाव्या जोडीला लसूण, मोहरी वगैरे घालून केलेला चाटण्याचा लेह. तुम्ही कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर चाचणीचे वाफे पाहिले असतील. जमीन एक, बियाणे एक, पाणी एक, फरक फक्त खताचा. लिंड यांनी माणसांवर तेच केले, आणि तेही शेतीत अशा चाचण्या रूढ होण्याच्या कितीतरी आधी.

संत्री-लिंबे सहाव्या दिवशी संपली. तोवर त्या जोडीतला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला होता आणि दुसऱ्याला उरलेल्या रुग्णांची सेवा करायला नेमले होते. सफरचंदाची वारुणी पिणाऱ्यांत थोडी सुधारणा दिसली. बाकीचे होते तिथेच राहिले.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढे १७४८ मध्ये लिंड नौदल सोडून एडिंबरोला परतले, वैद्यकाची पदवी घेतली, खासगी व्यवसाय सुरू केला आणि १७५३ मध्ये स्कर्व्हीवर चारशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. त्यात या प्रयोगाला जेमतेम काही पाने आहेत. बाकी ग्रंथात आधीच्या वैद्यांनी काय म्हटले आहे याची काटेकोर तपासणी आहे, आणि त्यात वाळवणाशी थेट संबंध असलेली एक नोंद येते.

हंगेरीत असलेल्या ऑस्ट्रियाच्या शाही फौजेत स्कर्व्हीची साथ आली होती. फौजेचे वैद्य क्रामर यांनी व्हिएन्नाकडे मदत मागितली. तिथल्या जाणकारांनी स्कर्व्हीवर गुणकारी समजल्या जाणाऱ्या वनस्पती वाळवून मोठ्या प्रमाणात पाठवल्या. वनस्पती योग्य होत्या, फक्त वाळलेल्या होत्या. त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. ताज्या पालेभाज्या आणि लिंबू-संत्र्याचा रस मिळाला तर मात्र हा रोग सहज हटतो, हे क्रामर यांनी लिहून ठेवले. लिंड यांनी ही नोंद गंभीरपणे घेतली. वाळलेल्या पाल्यावर नंतर कितीही पाणी घातले तरी ताज्या पाल्याचा गुण परत येत नाही, हे त्यांना पुरते पटले होते.

असे असूनही त्यांच्यापुढे प्रश्न होता साठवणुकीचा. फळे नासतात, जहाज सहा-सहा महिने किनाऱ्याला लागत नाही. त्यांनी उपाय सुचवला तो असा. संत्र्या-लिंबांचा रस गाळून घ्यायचा, झिलई दिलेल्या रुंद तोंडाच्या मातीच्या भांड्यात ओतायचा, ते भांडे उकळीच्या जवळ असलेल्या पाण्यात ठेवायचे आणि कित्येक तास रस आटवत राहायचे. थंड झाल्यावर पाकासारखा घट्ट झाला की बाटलीत भरून बूच लावायचे. याला 'रॉब' म्हणत. आपण उसाचा रस आटवून काकवी करतो, तसाच प्रकार. दोन डझन संत्र्यांच्या रसाचा जेमतेम दीडशे ग्रॅम रॉब होई. बारा डझन फळांचे सत्त्व लिटरभराच्या बाटलीत मावेल आणि काही वर्षे टिकेल, असा त्यांचा हिशेब होता.

हिशेब वजनाचा म्हणून बरोबर होता. रॉब खरोखर टिकत होता, बुरशी येत नव्हती, पाण्यात कालवला की ताज्या रसासारखाच आंबट लागत होता. गफलत तिथेच झाली. लिंबाचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक आम्लाचा असतो. ते आटवताना नष्ट होत नाही, उलट घट्ट होत जाते. स्कर्व्ही बरा करणारा घटक वेगळा आहे, तो म्हणजे जीवनसत्त्व क. त्याला ना ओळखू येईल असा वास, ना रंग. उष्णता आणि हवा एकत्र मिळाली की ते झपाट्याने जाते. रुंद भांडे, कित्येक तासांची आच आणि वर मोकळी हवा, म्हणजे ते घालवण्याची जवळजवळ पूर्ण तयारीच. आटवताना जे वाचले असेल, ते बाटलीत पडून राहिल्यावर कमी होत गेले. विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी लिंड यांच्या कृतीने रॉब करून मोजला, तेव्हा साठवणुकीच्या पहिल्या काही आठवड्यांतच त्याचा बराचसा गुण गेलेला आढळला.

लिंड यांना जीवनसत्त्वाचा शोध माहीत नसणे हा दोष नव्हे. तो शोध लागायला अजून पावणेदोनशे वर्षे होती. माझ्या मते चूक वेगळी आहे. ज्या माणसाने बारा रुग्णांवर सहा उपाय शेजारी शेजारी तपासले, त्याने आपला स्वतःचा रॉब ताज्या रसाशेजारी ठेवून तसाच तपासल्याची नोंद त्यांच्या ग्रंथात सापडत नाही. फळाला लावलेली कसोटी त्यांनी प्रक्रिया केलेल्या मालाला लावली नाही.

याची किंमत मोजली गेली. कॅप्टन जेम्स कुक यांच्या सफरींवर हा रॉब दिला होता. जहाजावरच्या वैद्यांना त्याचा फारसा गुण दिसला नाही आणि कुक यांनीही त्याची भलामण केली नाही. त्यांची माणसे तगली ती प्रत्येक बंदरावर उतरून मिळेल तो हिरवा पाला खाण्याच्या शिस्तीमुळे, आणि आंबवलेल्या कोबीनेही त्यांना हात दिला. कोबी आंबवताना आच लागत नाही आणि त्यात तयार होणारे आम्ल जीवनसत्त्व क काही प्रमाणात सांभाळते. पण नौदलाच्या वरिष्ठांनी निष्कर्ष काढला तो असा की, लिंबूवर्गीय फळांत विशेष काही नाही. खराब प्रक्रियेमुळे चांगले फळ बदनाम झाले.

आता तुमच्या अंगणातल्या वाळवणाकडे येऊ.

हीच गोष्ट गवार, भेंडी, कारल्याच्या चकत्या, मेथी, पालक, शेवग्याचा पाला आणि हरभऱ्याचा पाला वाळवताना होते. उन्हात उघड्यावर दोन-तीन दिवस पसरलेल्या पालेभाजीतले जीवनसत्त्व क बहुतांश निघून जाते. कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून आपले शरीर जीवनसत्त्व अ तयार करते तो घटक, उष्णतेला त्यामानाने टिकतो, पण थेट ऊन आणि हवा लागली की तोही घटतो. म्हणून पालेभाजी सावलीत किंवा झाकलेल्या सौर वाळवणी यंत्रात वाळवली तर कॅरोटीन अधिक राहते आणि हिरवा रंगही राहतो. लोह, कॅल्शियम, तंतू आणि प्रथिने मात्र वाळवल्याने उडून जात नाहीत. पाणी गेल्यामुळे वजनाच्या हिशेबात ती वाढलेली दिसतात. शेवग्याच्या भुकटीची खरी ताकद इथे आहे, आणि पाकिटावर हेच अभिमानाने लिहावे. विक्री कमी होईल असे मला वाटत नाही.

नुकसान वाळवणाच्या आधीपासून सुरू होते, हे लक्षात घ्या. भाजी तोडली की तिच्यातली विकरे, म्हणजे एन्झाइम, काम करत राहतात. पान मलूल झाले, चिरडले, चिरले की त्यांना मोकळे रान मिळते. दुपारच्या उन्हात तोडलेली मेथी पोत्यात दाबून संध्याकाळपर्यंत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वाळत घातली, तर अर्धी लढाई आधीच हरलेली असते. पहाटे तोडा, सावलीत ठेवा, धुऊन मगच चिरा, चिरून पाण्यात भिजत ठेवू नका. जीवनसत्त्व क आणि ब गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात आणि ते पाणी आपण मोरीत ओततो.

विकरे थांबवण्यासाठी ब्लांचिंग करतात. भाजी उकळत्या पाण्यात किंवा वाफेवर थोडा वेळ धरून लगेच गार करायची. पालेभाजीला एक-दोन मिनिटे पुरतात, गवार किंवा फरसबीला थोडी जास्त. यात जीवनसत्त्व क चा काही भाग जातो हे खरे, पण पुढच्या साठवणुकीत रंग, वास आणि कॅरोटीन वाचते. शक्य असेल तिथे वाफ वापरा, कारण वाफेत विरघळून जाणारा भाग कमी असतो. रंग हिरवागार राहावा म्हणून काही जण पाण्यात खाण्याचा सोडा टाकतात. तो टाळा. सोड्याने रंग राहतो, पण जीवनसत्त्व क आणि ब१ दोन्ही नासतात. पुन्हा तीच गोष्ट, दिसायला ताजे आणि आत रिकामे. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरल्यास जीवनसत्त्व क ला संरक्षण मिळते, मात्र ब१ जाते. ते अन्नसुरक्षा नियमांच्या मर्यादेतच वापरावे आणि पाकिटावर नमूद करावे. तांब्या-पितळेची कल्हई नसलेली भांडी तर या कामाला नकोच. तांब्याचा अंश लागला की जीवनसत्त्व क चे विघटन वेगाने होते.

यंत्रात वाळवताना ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान पालेभाज्यांसाठी साधारण योग्य धरले जाते. पान चुरगाळल्यावर कुरकुरीत तुटले पाहिजे, लवचीक राहिले तर बुरशी येणार. नंतरची साठवण हवाबंद, कोरड्या, अंधाऱ्या जागी. पारदर्शक पिशवी दुकानात देखणी दिसते, पण उजेडात कॅरोटीन रोज थोडे थोडे जाते. आतून फॉइल असलेली छोटी पाकिटे घ्या आणि वर्षभराचा माल एकदम दळून ठेवू नका. पाने अखंड वाळवून ठेवा, मागणीप्रमाणे दळा. भुकटीला हवा जास्त लागते.

ताजी भाजीच विकायची असेल तर शून्य ऊर्जा शीतकक्ष अजूनही स्वस्तातला चांगला पर्याय आहे. विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू आणि तिच्यावर दिवसातून दोनदा पाणी. उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी खाली येते आणि ओलावा टिकतो. पालेभाजी मलूल होत नाही, म्हणजे तिचे जीवनसत्त्व क ही सावकाश जाते. शीतगृहात ठेवताना मात्र सरसकट एक तापमान लावू नका. मेथी-पालक शून्याच्या जवळ चांगले राहतात, भेंडी, वांगी, टोमॅटो तितक्या थंडीत खराब होतात. बटाट्याचे म्हणाल तर तो शीतगृहात महिनोन्महिने टणक राहतो, पण त्यातले जीवनसत्त्व क पहिल्या काही महिन्यांतच बरेचसे उतरते. आवळा हा या सगळ्यांत सुखद अपवाद. त्यातली आम्लता आणि तुरट द्रव्ये जीवनसत्त्व क ला सांभाळतात, म्हणून नीट वाळवलेल्या आवळ्यात ते बऱ्यापैकी राहते.

विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती. गटाला लेबल करून देताना हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यातले ताज्या भाजीचे आकडे उचलून वाळलेल्या मालावर छापू देऊ नका. तयार भुकटीचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासा, आणि त्याच बॅचचे एक पाकीट चार-सहा महिने नेहमीच्या जागी ठेवून पुन्हा तपासा. खर्च येतो, पण गरोदर स्त्रीला किंवा कुपोषित बालकाला आपण ती भुकटी कशासाठी देत आहोत हे त्याशिवाय कळत नाही. जीवनसत्त्व क हवे असेल तर तिच्या ताटात भुकटीबरोबर लिंबू, पेरू, हिरवी मिरची, कोथिंबीर असे काहीतरी कच्चे, ताजे असायला हवे. त्याने पाल्यातले लोहही अंगी लागते.

लिंड यांचे पुढचे आयुष्य रुग्णालयात गेले. १७५८ मध्ये ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हॅस्लर येथील नौदल रुग्णालयाचे मुख्य वैद्य झाले. पहिल्या दोन वर्षांतच स्कर्व्हीचे हजाराहून अधिक रुग्ण तिथे आले. समुद्राच्या पाण्याच्या वाफेपासून गोडे पाणी मिळवता येते हे त्यांनी दाखवले, उष्ण प्रदेशातील रोगांवर १७६८ मध्ये ग्रंथ लिहिला, खलाशांच्या अंघोळीचा आणि स्वच्छ कपड्यांचा आग्रह धरून तापाच्या साथी आटोक्यात आणण्याचा मार्ग सांगितला. स्कर्व्ही हा अन्नातील एका घटकाच्या अभावाने होतो असे मात्र त्यांनी कधीच मानले नाही. दमट हवेने घाम कोंडतो आणि रोग होतो, ही त्यांची समजूत अखेरपर्यंत राहिली. १७८३ मध्ये ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी त्यांचा मुलगा आला. १३ जुलै १७९४ रोजी गॉसपोर्ट येथे त्यांचे निधन झाले.

त्याच वेळी 'सफोक' नावाची युद्धनौका भारताच्या वाटेवर होती. मध्ये कुठेही न थांबता तेवीस आठवड्यांचा प्रवास करून ती सप्टेंबरमध्ये मद्रासला पोहोचली. खलाशांना रोज थोडा लिंबाचा रस साखर घालून दिला होता, आणि स्कर्व्हीने एकही माणूस दगावला नाही. हा रस आटवलेला नव्हता. नौदलात तो टिकवण्यासाठी कच्च्या रसात थोडे मद्य मिसळून ठेवत, आच लावत नसत. १७९५ मध्ये नौदलाने लिंबूरस देण्याचे धोरण स्वीकारले. लिंड यांच्या प्रयोगाला तेव्हा ४८ वर्षे झाली होती.

पुढे पुन्हा घोळ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नौदलाने मोठ्या पिवळ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडिजमधले छोटे लिंबू घेतले. ते आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचे, चवीला जास्त आंबट पण जीवनसत्त्व क कमी असलेले. त्यातून तो रस साठवणुकीत हवा-उजेड आणि तांब्याचे नळ यांतून जाई. १८७५-७६ च्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत त्या रसावर विसंबलेले खलाशी स्कर्व्हीने आजारी पडले. याचा उलगडा पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्री-शास्त्रज्ञांनी गिनीपिगांवर दोन्ही रस शेजारी शेजारी तपासून केला.

त्याच युद्धात मेसोपोटेमियात लढणाऱ्या भारतीय सैनिकांना स्कर्व्हीने गाठले होते. शिध्यात आटा, डाळ, तूप होते, भाजी नव्हती. वाळलेल्या कडधान्यात जीवनसत्त्व क जवळजवळ नसते. पण ते भिजवून दोन-तीन दिवस मोड आणले की दाण्यात ते नव्याने तयार होते, हे चिक यांच्या गटाने मोजून दाखवले आणि सैनिकांसाठी मोड आलेल्या कडधान्यांची शिफारस केली. दुष्काळी भागात उन्हाळ्यात हिरवी भाजी मिळत नसेल, तर घरातली मटकी, हरभरा किंवा मूग यासाठी उपयोगी आहेत. आख्खे दाणे घ्या, डाळीला मोड येत नाहीत. मोड आल्यावर लगेच वापरा आणि उसळ फार वेळ शिजवू नका. झाकण ठेवून थोडक्या पाण्यात वाफवा, लिंबू पिळायचे ते ताटात वाढल्यावर.